पहिल्या लाल लघवीचा चहा

लघवी लाल कधीपासून होतेय, असं सर्जनबाईंनी विचारलं आणि मास्तर म्हणाले, तीस वर्षं झाली असतील. बाईंचं पेन कागदावर जिथल्या तिथे थांबलं. हा माणूस थट्टा करतोय की याला प्रश्नच कळला नाही, हे त्यांना ठरवता येईना. मास्तर मात्र सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देऊन मोकळे झाले होते. आदल्या दिवशी लघवी अडकून पोट तट्ट फुगलं म्हणून त्यांना इथे आणलं होतं, आत दुर्बीण घालून काय ते पाहून झालं होतं, आणि आता गोळ्या घेऊन घरी जायचं एवढंच बाकी आहे अशा समजुतीने ते खुर्चीत ऐसपैस बसले होते. शेजारी बायको होती. मागे दाराला टेकून मेव्हणा उभा होता, कारण सहा फुटांवर दोन बोटं उंची असलेल्या त्या माणसाला तिथल्या खुर्च्या पुरत नव्हत्या. सगळे त्याला लंबू म्हणत, बहिणीसकट.

मास्तरांनी मग बाईंना नीट समजावून सांगितलं. ते कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंगमास्तर. लाल लॉट लागला की दोनचार दिवस लघवी लालसर येते, निळा लागला की कधी हिरवट येते, थुंकीही रंगीत, नाक शिंकरलं तर रुमालही रंगीत. रंगाऱ्याचं शरीर ते, रंग जाणार कुठे. गेलं वर्षभर लाल जरा जास्त दिवस टिकत होती, सुट्टीतही येत होती, पण तीस वर्षांचा साठलेला माल आता उतरत असेल, असा त्यांनी आपला हिशोब लावला होता.

बाईंनी त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग पडद्यावरचा फोटो त्यांच्याकडे वळवला. आत भिंतीला फुलकोबीच्या तुऱ्यासारखं काहीतरी चिकटलं होतं आणि त्यातून रक्त पाझरत होतं.

"हा रंग नाही, मास्तर," बाई म्हणाल्या. "रक्त आहे. आणि ही गाठ कॅन्सरची आहे. लघवीच्या पिशवीच्या स्नायूपर्यंत पोचली आहे. मूत्राशय काढावं लागेल."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तशी मास्तरांची काही सरकली नाही. ती जागच्या जागी होती, फरशीसुद्धा चकचकीत पुसलेली होती, आणि आपण त्या फरशीकडे का पाहतोय हे त्यांना कळत नव्हतं. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. बिडी ओढणाऱ्यांना त्यांनी उभा जन्म शिव्या घातल्या होत्या. बाईंनी सांगितलं की रंगांच्या काही जुन्या भुकट्यांनीसुद्धा हे होतं, वर्षानुवर्षं लघवीत उतरून त्या पिशवीलाच कुरतडतात. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, की कारखान्यात आणखी कुणाला लाल लघवी होते का.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. मान वळवायची इच्छाच त्यांच्या मानेतून निघून गेली होती. बघावं लागेल, एवढंच ते पुटपुटले.

वळून न पाहण्याचं कारण आता सांगायला हवं, आणि ते सांगताना मला त्या कारखान्यातल्या समस्त शहाण्यांचा राग येतो तो येतोच. तिथे एक पद्धत होती. नवा माणूस कामाला लागला की आठवड्याने म्हणा, वर्षाने म्हणा, एक दिवस मुतारीतून पांढराफटक चेहरा करून बाहेर यायचा. लाल झाली, लाल झाली. बाकीचे पोट धरून हसायचे, त्याच्या पाठीत धपाटे घालायचे, मशिनं चालू ठेवून सगळे गोळा व्हायचे आणि मास्तर स्वतःतर्फे सगळ्यांना चहा मागवायचे. त्या दिवसापासून तो माणूस पक्का रंगारी. लालवाल्याला पहिला कप मास्तर आपल्या हाताने देत. मास्तर झाल्यापासूनच्या चोवीस वर्षांत असे किती कप त्यांनी दिले, त्याची मोजदाद नाही. ज्या माणसाला दोन लालांमधला केसाएवढा फरक दिव्याखाली न नेता कळायचा, त्याला हा फरक कळला नाही, कारण तो बघायचा असतो हेच कधी त्याच्या डोक्यात आलं नाही.

लंबूची गोष्ट यात वेगळी होती. सोळा वर्षं तो मास्तरांच्या हाताखाली होता, पण त्याला कधी लाल झालीच नाही. तू कोराच राहिलास, म्हणून सगळे त्याला चिडवायचे. आणि या सगळ्याच्या दोन महिने आधी एका सकाळी तो मुतारीतून नाचतच बाहेर आला. सोळा वर्षांची कसर भरून काढायची म्हणून मास्तरांनी त्या दिवशी नुसता चहा नाही, बिस्किटंही मागवली होती. लंबूने दोन कप घेतले होते.

हा लंबू म्हणजे बायकोचा भाऊ कमी आणि मुलगा जास्त. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बायकोने त्याला लहानाचा मोठा केला, लग्न झालं तेव्हा माहेरून आणलं काय तर हा भाऊ. त्याने लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहतो, जेवतो, बहिणीच्या शिव्या खातो. याला तुमच्या हाताखाली घ्या, माझ्या डोळ्यांसमोर राहील, असं तिनेच मास्तरांना सांगितलं होतं. आणि मास्तरांनी त्याला घेतलं होतं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी लंबूला अंगणात गाठलं आणि तपासून घे म्हणाले. लंबू हसला. म्हणाला, दाजी, ती एकदाच आली, बिस्किटं खाऊन गेली. तुम्ही स्वतःचं बघा. मास्तरांना ते खरं वाटलं, कारण खरं वाटायला हवं होतं. बायकोला त्यांनी काहीच सांगितलं नाही. स्वतःच्याच संकटात माणूस गळ्यापर्यंत बुडाला की दुसऱ्याचं संकट टळल्याची बातमी तो फारशी तपासत नाही.

आधी तीन महिने औषधं सलाइनमधून झाली. केस गेले, तोंडाची चव गेली. मग सर्जनबाईंनी पुढचं सांगायला तिघांना बसवलं. पिशवी काढल्यावर लघवीला वाट दोन प्रकारे करून देता येते. एक, पोटावर छोटं भोक करून बाहेर प्लॅस्टिकची पिशवी लावायची, ती जन्मभर. दुसरी, लहान आतड्याचा दोनेक फुटांचा तुकडा घेऊन त्याचीच नवी पिशवी शिवायची आणि जुनीच्या जागी बसवायची.

आतड्याची, असं मास्तरांनी तीन वेळा विचारलं. बाई तीनही वेळा हो म्हणाल्या. आतडं नळीसारखंच ठेवलं तर ते आपल्या सवयीने आवळत राहील, म्हणून आधी ते उभं चिरायचं, सपाट करायचं, मग दुमडून शिवायचं. इथे मात्र मास्तर पुढे सरकून बसले. त्यांच्याकडे बनियनचं कापड विणून नळीसारखं येतं आणि ते असंच उभं चिरून सपाट करतात. मग त्यांनी कापडवाल्याचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. शिलाई गळणार नाही का. आटेल का. उरलेल्या आतड्याची टोकं कुणी जोडायची. बाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली, आणि शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली.

"ती पिशवी दिसेल मूत्राशयासारखी, पण असेल आतडंच. भरली की ती तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला लघवी लागणार नाही, कधीच. घड्याळ बघून जायचं."

लागणार नाही म्हणजे काय, हे साठीला आलेल्या माणसाला कसं कळावं. लागते तेव्हाच तर जातात. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, तीही त्यांच्याकडेच पाहत होती. शिवाय आतडं आपला चिकट स्राव सोडत राहणार, तो धुऊन काढायचा, नाहीतर वाट तुंबेल. रात्री झोपेत गळेल, काही महिने तरी. आणि आणखी एक. लघवीच्या वाटेच्या टोकाला कॅन्सर निघाला तर आतली पिशवी करता येणार नाही, बाहेरचीच करावी लागेल. ते ऑपरेशन चालू असतानाच कळेल. मास्तरांना कोणती झाली ते जागे झाल्यावर समजेल.

"दाजी," लंबू मागून म्हणाला, "आतड्याची झाली तर पुढून पादाल की काय?" बायकोने कपाळावर हात मारला. सर्जनबाई मात्र हसल्या, आणि हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारत कुणी नाही, असं म्हणाल्या.

ऑपरेशन आठ तास चाललं. जाग आली तशी मास्तरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पांघरुणाखाली हात घातला. पोटाच्या उजव्या बाजूला बोटांना चिकटपट्टी लागली, पट्टीतून निघालेली नळी लागली आणि नळीच्या टोकाला भरत आलेली पिशवी. संपलं, ते म्हणाले. बाहेरचीच. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अठ्ठावन्न वर्षांचा, चोवीस माणसांना एका नजरेत गप्प करणारा माणूस, आवाज न करता रडत होता. नर्सने हात बाहेर काढला आणि सांगितलं की ती नळी आतलं पाणी काढायची आहे, आठवड्यात निघेल. पिशवी आतच झाली आहे, आतड्याची. मग तर त्यांना आणखीच रडू आलं.

पुढचे तीन आठवडे लघवीच्या वाटेत नळी होती आणि दिवसातून चार वेळा त्या नळीतून पिशवी धुवावी लागायची. मोठ्या सिरिंजमध्ये मिठाचं पाणी घ्यायचं, हळूच आत सोडायचं, हळूच ओढून घ्यायचं. पहिल्या दिवशी नर्सने दाखवलं, दुसऱ्या दिवशी बायकोने केलं, तिसऱ्या दिवसापासून लंबूने ते काम आपल्याकडे घेतलं. ताईला ओणवं होता येत नाही, म्हणाला. त्याचे हात लांब, पण हलके. सिरिंज मागे ओढली की पाण्याबरोबर पांढरट तार यायची, पिठाच्या खळीसारखी, कधी तिचा गुंताच यायचा. पहिला गुंता आला तेव्हा लंबूच्या तोंडून विनोद निघाला नाही. त्याने सिरिंज धुतली, जागच्या जागी ठेवली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बराच वेळ उभा राहिला. त्याला किळस आली असेल, असं मास्तरांना वाटलं आणि ते शरमले. त्या वेळी त्यांना दुसरं काही सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

नळी निघाली त्या दिवशी मास्तरांना लहान मुलासारखं बसायला शिकवलं. पुढे वाका, अंग सैल सोडा, पोटावर हाताने दाबा, घाई करू नका. जोर केला की येत नाही, सैल सोडलं की येते. आधी दर दोन तासांनी, मग अडीच, मग तीन. मनगटावर गजराचं घड्याळ बांधलं गेलं. गजर वाजला की बायको स्वयंपाकघरातून फक्त "अहो" म्हणायची आणि मास्तर उठायचे. कधी वाजूनही उठले नाहीत तर खुर्ची ओली व्हायची, आणि त्यांना पत्ता नसायचा. स्वतःच्या शरीराची बातमी स्वतःला खुर्चीवरून कळावी, हा धक्का रोज नव्याने बसतो. त्याची सवय होते असं जे सांगतात त्यांनी एकदा बसून पाहावं.

पण दिवस जात होते. दोन महिन्यांनी पिशवी चहाचे तीन कप मावतील एवढी झाली, दिवसा गळणं थांबलं, रात्रीपुरतं जाड पॅड लावलं की भागायचं. शिलाई कशी धरली आहे ते सर्जनबाईंनी फोटोवर दाखवलं, तेव्हा कुठूनही गळती नाही म्हणून मास्तरांनी त्यांना रंगाऱ्याच्या भाषेत शाबासकी दिली. घरात हसणं परत आलं. आणि अशा एका सकाळी बायको दोरीवरचे कपडे काढता काढता सहज बोलली.

"कारखान्यात महिनाभर पांढऱ्याचंच काम चालू आहे ना? मग लंबूच्या चड्डीवर लाल डाग कुठून येतात? काल तर साबण लावून घासला, तरी जाईना."

रंग साबणाने फिका पडतो हे तिला त्यांच्या कपड्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तिला खाली बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. लंबूची सोळा वर्षांनी आलेली लाल, आपला चहा, बिस्किटं, अंगणातलं बोलणं. काही वगळलं नाही. हातातला टॉवेल तिने घडी केला, उघडला, परत घडी केला.

"माझ्या भावाला रक्त पडलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही चहा पाजलात."

मास्तरांनी दोरीवरचे उरलेले कपडे काढून तिच्याजवळ ठेवले.

संध्याकाळी लंबू घरी आला तेव्हा दोघांनी त्याला पकडलं. त्याने सरळ कानावर हात ठेवले. जुने लाल डबे घासत होतो, त्याचे डाग आहेत. दाजींना झालं म्हणून सगळ्या जगाला व्हायला पाहिजे का. बहीण रडली तसा तो चिडला, आणि तो चिडलेला त्या घराने आजवर पाहिला नव्हता. रंगच आहे, वाटलं तर सिद्ध करून दाखवतो, असं म्हणून ताटावरून उठून गेला.

सिद्ध करून दाखवतो, हे शब्द मास्तरांच्या डोक्यात अडकून बसले आणि त्यांनाच त्यांची लाज वाटायला लागली. कारण सिद्ध करणं किती सोपं होतं. लॉट बिघडला की रंगारी काय करतो? हायड्रो टाकतो. गरम पाण्यात चमचाभर भुकटी, आणि चढलेला लाल बघता बघता उतरतो. रक्ताचा लाल त्या भुकटीने उतरणार नव्हता. रोज हाताळायची वस्तू, फळीवर डबा भरलेला, आणि तीस वर्षांत एकाही शहाण्याने ती आपल्या लघवीवर टाकून पाहिली नव्हती. मास्तरांनी तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी ते सहा-सात महिन्यांनी कारखान्यात गेले. बायको सोबत आली, पॅडची आणि कपड्यांची पिशवी घेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसली. आत माणसं मास्तरांभोवती जमली, कुणी हात धरला, कुणी पोटाकडे चोरून पाहिलं. मास्तर लांबण लावणारे नव्हते. त्यांनी सदरा वर केला आणि बेंबीखालून गेलेली शिवण सगळ्यांना दाखवली. मी तुम्हाला चहा पाजत आलो तो रक्ताचा होता, म्हणाले. ज्याला लाल होते त्याने आत्ता, माझ्यासमोर, वाटीत आणा.

चोवीसातले तिघे निघाले. जुने लाल डबे घासायला लागलेले दोन जुने मशिनवाले, आणि सगळे बघतायत म्हणून लंबू. रंगखोलीत टेबलावर पांढऱ्या तामचिनीच्या तीन वाट्या मांडल्या गेल्या. मास्तरांनी आधीच बजावलं, लाल गेली म्हणून सुटलात असं नाही, तपासायला सगळ्यांनीच जायचं आहे, डॉक्टरांना कळवलंय. पण जिची जाणार नाही त्याने आजच जायचं. मग गरम पाण्यात भिजवलेला हायड्रो त्यांनी चमच्याने घातला. खोलीभर नाकात झोंबणारा वास पसरला.

पहिली वाटी बघता बघता उतरली आणि मळकट पिवळी झाली. दुसरी जरा अडली, मग तीही तशीच पिवळी. तिसरी लंबूची. ती तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उतरली, लाल होतं की नव्हतं असं झालं. कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी लंबूच्या पाठीत धपाटा घातला, आणि आता मास्तर चहा हवाच, असा एकच गलका झाला. लंबूही हसत होता.

मास्तर तिसऱ्या वाटीकडे बघत राहिले. तिच्यात तळाची तामचिनी स्वच्छ दिसत होती, उडालेल्या टवक्यासकट. त्यांनी सगळ्यांना कामाला जायला सांगितलं, लंबूला थांबवलं आणि दार लोटून घेतलं.

"यात लघवी नव्हती," ते म्हणाले.

लंबूने काही तरी म्हणायला तोंड उघडलं.

"हायड्रोने रंग जातो. लघवीचा पिवळेपणा कुठे जाईल? त्या दोघांचा राहिला. तुझ्या वाटीत नुसतं नळाचं पाणी उरलंय. रंग कोणत्या डब्यातला घातलास?"

लंबूचे लांब हात टेबलावर आले आणि त्यावर तो वाकून उभा राहिला. मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "दाजी, मी तुमची पिशवी धुतलीय. रोज चार वेळा. तुम्ही खुर्चीतून उठायचात आणि तुम्हाला माहीत नसायचं, मी ते पुसायचो, तुम्हाला कळू न देता. माझ्याच्याने नाही होणार हे. मला नाही बघायचं."

खुर्चीने जेवढं कळवलं त्याहून जास्त लंबूने पुसलं होतं, हे मास्तरांना माहीत नव्हतं. ते त्यांनी गिळलं. लवकर सापडलं तर आतून नुसतं खरवडून काढतात, पिशवी राहते, असं बाईंनी सांगितलेलं त्यांनी लंबूला सांगितलं. ज्या लंबूला ते तेव्हा अंगणातच सांगायला हवं होतं त्याच लंबूला. आणि मग त्याच्या दंडाला धरून ते म्हणाले, "चुकलो रे. तुझ्या ताईने तुला माझ्या हातात दिलं होतं."

लंबूने डोळे पुसले, वाटी उचलली, धुतली आणि गेला. परत आला तेव्हा वाटी दोन्ही हातांनी धरली होती. हायड्रो त्याने स्वतःच घातला, दोन चमचे. दोघे वाट पाहत उभे राहिले. लाल उतरला नाही. उलट काळवंडला आणि तळाशी धाग्यासारखं काही तरी बसलं. लंबूने तिसरा चमचा घातला. मास्तरांनी त्याचा हात धरला.

दार कधी उघडलं ते कळलं नाही. मघाचा टाळ्यांचा गलका ऐकून, बातमी चांगली असेल म्हणून बायको आत आली होती. मास्तरांनी वाटीवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला आणि आत पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. जन्मात त्याच्यावर हात न उगारणाऱ्या बाईने त्याच्या दंडावर चापट मारली, तिचा हात तिथपर्यंतच पोचत होता, आणि मग त्याच हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं. सर्जनबाई दुपारपर्यंत असतात, एवढंच ती म्हणाली.

मास्तर त्यांच्याबरोबर निघाले तशी मनगटावर गजर वाजला. तीन तास झाले होते. त्यांना काहीच लागलं नव्हतं. आत्ता नको, आधी जाऊ, ते म्हणाले.

"तुम्ही जाऊन या," बायको म्हणाली. "आम्ही थांबतो. अजून तुमचं काही झालेलं मला चालणार नाही."

ते कारखान्याच्या संडासात शिरले, कडी लावली, बसले, पुढे वाकले, पोटावर हात ठेवला. दाराबाहेर दोघे उभे होते. लंबू विचारत होता, ताई, मला लागलेली तरी कळेल ना गं नंतर? ताईने काय उत्तर दिलं ते मशिनांच्या आवाजात ऐकू आलं नाही. मास्तरांना हुंदका आला, पोट आवळलं गेलं आणि येणारी धार थांबली. रडत राहिलं तर ती येणार नव्हती आणि ती आल्याशिवाय बाहेर जाता येणार नव्हतं. बाहेर लंबू ताटकळत होता आणि दुपार जवळ येत होती. म्हणून त्यांनी डोळे मिटले, श्वास सोडला, आणि अंग सैल करायला लागले.